बारा नंबरचा हक्क आणि हमीचे २३ कोटी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या ड्राफ्टवर मजकूर आला, हे पाहून बरे वाटले. पण त्यात ड्राफ्टला ‘खेळाडूंचा लिलाव’ म्हटले आहे आणि शेवटी ‘ज्याची थैली मोठी त्याचा संघ मोठा’ असा निष्कर्ष काढला आहे. आयपीएलची सवय झालेल्या वाचकाला ते पटेलही. इथे मात्र दोन्ही विधाने चुकीची आहेत. मी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ओहायो राज्यात, क्लीव्हलँडच्या उपनगरात राहतो. पेशाने कॉस्ट अकाउंटंट, आता निवृत्त. आणि क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाचा चाहता. यातली शेवटची माहिती दिली की इथले लोक काही विचारत नाहीत, नुसती मान हलवतात. का, ते या पत्रात येईलच.

लिलावात बोली लागते, ड्राफ्टमध्ये बोली नसतेच. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंतून बत्तीस संघ आळीपाळीने सात फेऱ्यांत निवड करतात. आदल्या हंगामात जो सर्वांत वाईट खेळला त्याचा पहिला क्रमांक. निवडीचा हा हक्क संघ आपसांत विकू-बदलू शकतात; पुढे नुसता ‘हक्क’ किंवा ‘क्रमांक’ म्हणतो तो हाच. फिलाडेल्फियाचे मालक बर्ट बेल यांची ही कल्पना. १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला आणि त्यात सर्वांत आधी निवडला गेलेला जे बरवँगर हा या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. म्हणजे श्रीगणेशाच असा. निवडलेल्या खेळाडूला किती पैसे मिळायचे, हे २०११ पासून त्याच्या क्रमांकावरूनच जवळजवळ ठरते. त्याआधी फार गोंधळ होता. २०१० साली पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, त्यातले ५ कोटी हमीचे, म्हणजे खेळाडूला काढले तरी द्यावेच लागणारे. पुढच्याच वर्षी नवे नियम आले आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा करार चार वर्षांसाठी २ कोटी २० लाखांच्या आसपास बसला. तेव्हापासून ड्राफ्टमधला चांगला खेळाडू म्हणजे चार वर्षे स्वस्तात मिळालेला माल. पहिल्या फेरीतला असेल तर पाचवे वर्षही संघाच्या मर्जीवर.

आता थैलीचे. थैली सगळ्यांची सारखीच आहे. १९९३ साली करार संपलेल्या खेळाडूंना हव्या त्या संघाकडे जायची खरी मोकळीक मिळाली. त्यांनाच फ्री एजंट म्हणतात. ग्रीन बे पॅकर्सनी लगेच रेजी व्हाइटला चार वर्षांचे १ कोटी ७० लाख देऊन आणले. पुढच्या वर्षी सॅलरी कॅप आली. प्रत्येक संघाने खेळाडूंच्या पगारावर वर्षाला ३ कोटी ४६ लाखांच्या आत राहायचे. २०२५ साली ही मर्यादा २७ कोटी ९२ लाख होती, आणि ती न्यूयॉर्कला जेवढी तेवढीच ग्रीन बेसारख्या छोट्या गावाच्या संघालाही.

माझ्यासारख्या माणसाला या खेळाची गोडी लागली ती कॅपमुळे. कॅप म्हणजे रोकड नव्हे, ती जमाखर्चाची वही आहे. खेळाडूला साइनिंग बोनस आज रोख मिळतो, पण वहीत तो जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून टाकता येतो. डेफर्ड रेव्हेन्यू एक्सपेंडिचर ज्यांनी कधी लिहिले असेल त्यांना हे लगेच कळेल. खेळाडू मधेच गेला, तर उरलेली रक्कम निर्लेखित करावी लागते आणि ती त्या वर्षाच्या, फार तर पुढच्या वर्षाच्या कॅपमध्ये पडते. इथे तिला डेड मनी म्हणतात. संघात नसलेल्या माणसाच्या नावावर टाकलेला खर्च. तेवढ्या पैशात दुसरा बचावपटू घेता येत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की या खेळात कुणाच्याही निवडी चुकणारच. रिचर्ड थेलर (२०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल) आणि केड मॅसी यांनी ड्राफ्टच्या निकालांचा अभ्यास केला होता. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला अधिक चांगला निघण्याचे प्रमाण त्यांना सुमारे ५२ टक्के आढळले. नाणेफेकीपेक्षा किंचित बरे. मग शहाणा संघ तो, ज्याला चूक परवडते. ड्राफ्टमधली चूक चार वर्षांत आणि थोड्या पैशांत मिटते. हमी देऊन केलेली चूक मिटत नाही. क्लीव्हलँडने हे स्वतःच्या खर्चाने सिद्ध करून दाखवले आहे.

मी इथे आलो तेव्हा शहरात संघच नव्हता. मालक आर्ट मोडेल १९९५ च्या हंगामानंतर तो बाल्टिमोरला घेऊन गेले होते. तिथे रेव्हन्स या नव्या नावाने १९९६ साली त्यांनी पहिला ड्राफ्ट केला आणि पहिल्या फेरीत दोन खेळाडू घेतले, जोनाथन ऑग्डेन आणि रे लुइस. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. रे लुइस ज्या २६ क्रमांकावर मिळाला, तो निवडीचा हक्क संघ क्लीव्हलँडला असतानाच सॅन फ्रान्सिस्कोशी झालेल्या देवघेवीतून आला होता. निवड करणारे ओझी न्यूसम हे ब्राउन्सचेच जुने, नावाजलेले खेळाडू. जानेवारी २००१ मध्ये बाल्टिमोरने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. बी आमचे, मशागत आमच्या माणसाची, आणि पीक दुसऱ्या गावात.

१९९९ साली क्लीव्हलँडला नवा संघ मिळाला. नाव तेच, रंगही तेच. पहिला क्रमांक आमचा होता. टिम काउच हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, संघातला सर्वांत महत्त्वाचा खेळाडू) घेतला. तिथपासून २०२४ च्या हंगामाअखेर चाळीस वेगवेगळ्या माणसांनी आमच्यासाठी क्वार्टरबॅक म्हणून सामना सुरू केला. पहिल्या फेरीतला २२ वा क्रमांक आम्ही तीनदा क्वार्टरबॅकवर लावला. २००७ ला ब्रेडी क्विन, २०१२ ला ब्रँडन वीडन (तो तेव्हाच अठ्ठावीस वर्षांचा होता!), २०१४ ला जॉनी मँझेल. तिघांपैकी एकही टिकला नाही. आमच्या मराठी मंडळातले एक गृहस्थ म्हणाले होते की बाविसाव्या क्रमांकाची शांत करून घ्या.

पण या गमतीत मुख्य गोष्ट राहून जाते. वीडनचा २२ वा क्रमांक कुठून आला? २०११ मध्ये अटलांटाला ज्युलिओ जोन्स हवा होता, म्हणून त्यांनी आमच्या सहाव्या क्रमांकासाठी पाच हक्क दिले. त्यातला हा एक. मँझेलपर्यंत पोचायला जो २६ वा क्रमांक वापरला, तो ट्रेंट रिचर्डसनला इंडियानापोलिसला विकून मिळाला होता. आणि तो रिचर्डसन २०१२ ला तिसऱ्या क्रमांकावर घेताना आम्ही चौथ्यावरून एक पायरी चढलो, आणि त्या एका पायरीसाठी तीन हक्क मोजले. तेव्हा हक्क गोळा करण्यात आम्ही कच्चे नव्हतो. गोळा केलेले हक्क घाईने कुणा एकावर उधळायचे, ही आमची खोड. त्यात दर दोन-तीन वर्षांनी जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडूंची निवड आणि करार पाहणारा माणूस, बदलायचा, आणि नवा माणूस आधीच्याची यादी फाडूनच कामाला लागायचा.

२०१६ साली मात्र सॅशी ब्राउन नावाचा वकील माणूस संघाच्या व्यवहारावर बसला. त्याच्या जोडीला बेसबॉलमधून आलेले पॉल डीपोडेस्टा. त्यांचे धोरण उघड होते. आज हरू, हक्क जमवू, कॅपमध्ये मोकळी जागा ठेवू. (न वापरलेली कॅप पुढच्या वर्षात नेता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.) त्यांनी २०१६ चा दुसरा क्रमांक फिलाडेल्फिया ईगल्सना दिला. ईगल्सनी त्यावर कार्सन वेंट्झ हा क्वार्टरबॅक घेतला. बदल्यात जे मिळाले त्यात ईगल्सचा २०१७ चा पहिल्या फेरीतला हक्क होता, आणि तो निघाला बारावा. तो बारावा क्रमांक ब्राउन्सनी ह्यूस्टन टेक्सन्सना दिला. ह्यूस्टनने त्यावर जो क्वार्टरबॅक घेतला त्याचे नाव डेशॉन वॉटसन. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

२०१७ च्याच मार्चमध्ये सॅशी ब्राउननी आणखी एक व्यवहार केला. इथल्या बहुतेकांनी त्याची टर उडवली, माझ्या मते मात्र गेल्या पंचवीस वर्षांतला तो आमचा सर्वांत शहाणा व्यवहार. ह्यूस्टनने २०१६ मध्ये ब्रॉक ऑस्वायलर या क्वार्टरबॅकला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख देऊ केले होते, त्यातले ३ कोटी ७० लाख हमीचे. एका हंगामातच तो नकोसा झाला. ब्राउन्सनी त्याला त्याच्या १ कोटी ६० लाखांच्या हमीच्या पगारासकट पदरात घेतले, पण अट अशी की ह्यूस्टनने २०१८ चा दुसऱ्या फेरीतला हक्क सोबत द्यायचा. ऑस्वायलरला हंगामाआधीच रजा दिली. आमच्यासाठी त्याने एकही खरा सामना खेळला नाही. म्हणजे रिकाम्या पडलेल्या कॅपमधले १ कोटी ६० लाख देऊन एक हक्क विकत घेतला. त्या हक्कावर पस्तिसाव्या क्रमांकाला आला निक चब. पुढची काही वर्षे तो लीगमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जात होता. २०२२ मध्ये एकट्याने १५२५ यार्ड धावला, आणि रविवारी त्याचा जर्सी नंबर २४ आमच्या गल्लीत घरटी दिसायचा. दुसऱ्याच्या बुडीत खात्यातून असा खेळाडू काढणे, याला मी धोरण म्हणतो.

मैदानावर मात्र दोन वर्षांत बत्तीस सामन्यांपैकी एकच जिंकला. २०१६ ला एक विजय, २०१७ ला शून्य. सॅशी ब्राउन यांच्या निवडीही काही थोर नव्हत्या. वेंट्झच्या व्यवहारातून पुढे आलेल्या पंधराव्या क्रमांकावर कोरी कोलमन घेतला आणि तो वाया गेला. लागोपाठ दोन वर्षे क्वार्टरबॅक सोडून देणे लोकांना सहन झाले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना काढले, आणि २०१८ चे पीक नव्या जनरल मॅनेजरने कापले. पहिल्या क्रमांकाला बेकर मेफील्ड, चौथ्याला (त्या बाराव्या क्रमांकाच्या बदल्यात ह्यूस्टनकडून मिळालेला) डेन्झेल वॉर्ड, पस्तिसाव्याला चब. २०१७ चा पहिला क्रमांक माइल्स गॅरेट आधीच होता. जानेवारी २०२१ मध्ये या पोरांनी प्लेऑफमध्ये पिट्सबर्गला पिट्सबर्गमध्येच ४८-३७ असे हरवले. आमचे जावईबापू पिट्सबर्गचे, ते अजून तो विषय निघाला की पाणी प्यायला उठतात.

त्या वेळी ब्राउन्सजवळ स्वस्तातला क्वार्टरबॅक होता. मेफील्डचा चार वर्षांचा करार सव्वातीन कोटींच्या थोडा वर. असा क्वार्टरबॅक असताना उरलेल्या कॅपमध्ये चांगले फ्री एजंट घेता येतात; लीगमधल्या कितीतरी यशस्वी संघांची बांधणी याच हिशोबावर झाली. २०२१ मध्ये मेफील्डचा खांदा दुखावला, हंगाम बिघडला, आणि संघाचा धीर सुटला.

मार्च २०२२. ब्राउन्सनी ह्यूस्टनला पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि वर आणखी काही देऊन वॉटसनला आणले. होय, तोच वॉटसन, ज्याला घेण्याचा बारावा क्रमांक पाच वर्षांपूर्वी आमच्या हातात होता. पाच वर्षांचा करार, २३ कोटी डॉलर, आणि पैन् पै हमीची. असा मोठा, संपूर्ण हमीचा करार या लीगमध्ये त्याआधी कुणी केला नव्हता. वॉटसन २०२१ चा अख्खा हंगाम बाहेर बसला होता. वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावले होते. त्याने आरोप नाकारले, फौजदारी खटला उभा राहिला नाही. लीगने मात्र अकरा सामन्यांची बंदी आणि ५० लाखांचा दंड केला. करारात पहिल्या वर्षाचा मूळ पगार मुद्दाम दहा लाखांच्या आसपास ठेवलेला होता, म्हणजे बंदीत पगार बुडालाच तर थोडाच बुडावा. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांनी त्या वर्षी सामने पाहणे सोडले. मला तो करार त्या एका कलमासाठीच आधी नकोसा वाटतो, कॅपचा हिशोब त्यानंतर.

हिशोब असा. पहिल्या तीन हंगामांत मिळून तो १९ सामने खेळला. कधी बंदी, कधी खांदा, मग ऑक्टोबर २०२४ मध्ये टाचेचा स्नायुबंध तुटला आणि जानेवारीत पुन्हा तुटला. वर्षाला ४ कोटी ६० लाखांचा पगार एका वर्षाच्या कॅपमध्ये मावत नाही, म्हणून २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी पगाराचा मोठा भाग बोनसमध्ये बदलून पुढे ढकलला. नाकापेक्षा मोती जड, आणि मोती काढायचा तर नाकासकट. मार्च २०२५ मध्ये मालक जिमी हॅस्लम यांनी हा डाव फसल्याचे जाहीरपणे मान्य केले.

ह्यूस्टनने काय केले तेही पाहा. आमचा २०२३ चा हक्क, तो पुन्हा बारावाच निघाला, त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर चढायला वापरला आणि विल अँडरसन हा बचावपटू घेतला. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. जानेवारी २०२४ मध्ये प्लेऑफला आमची गाठ त्याच ह्यूस्टनशी पडली. आमचा क्वार्टरबॅक होता जो फ्लॅको, भर हंगामात घरच्या सोफ्यावरून बोलावून आणलेला. ४५-१४ असे हरलो. मेफील्डला आम्ही पाचव्या फेरीच्या सशर्त हक्कासाठी देऊन टाकले होते. तो पुढे टॅम्पाला गेला, तिथे २०२३ मध्ये ४० लाखांत खेळला आणि पुढच्या वर्षी तीन वर्षांचे १० कोटी मिळवले.

ईगल्स तरी कुठे चुकले नाहीत? ज्या वेंट्झसाठी त्यांनी आमचा दुसरा क्रमांक घेतला, त्याला २०१९ मध्ये चार वर्षांचे १२ कोटी ८० लाख वाढवून दिले. दोन वर्षांत तो बिघडला. २०२१ मध्ये त्याला विकताना ३ कोटी ३८ लाख डेड मनी एका वर्षात सोसले, तोवरचा तो उच्चांक होता. पण त्यांनी पैन् पैची हमी दिली नव्हती, हक्क हातात होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आदल्याच वर्षी दुसऱ्या फेरीत, त्रेपन्नाव्या क्रमांकावर, जेलन हर्ट्स या क्वार्टरबॅकला घेऊन ठेवले होते. तेव्हा फिलाडेल्फियात त्या निवडीवर केवढा आरडाओरडा झाला! फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये हर्ट्सने कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवले. त्या संघात सॅक्वॉन बार्कली फ्री एजंट म्हणून आला होता, तीन वर्षांचे पावणेचार कोटी, आणि तो २००५ यार्ड धावला. झॅक बॉन तर एका वर्षाच्या ३५ लाखांवर आला आणि लीगच्या सर्वोत्तम अकरांत बसला. तो नसता चमकला तर किती गेले असते? ३५ लाख. संपला विषय.

एप्रिल २०२५ मध्ये आमच्या हातात पुन्हा दुसरा क्रमांक होता. ब्राउन्सनी तो जॅक्सनव्हिलला दिला, पाचव्यावर उतरले, आणि वर छत्तिसावा क्रमांक, चौथ्या फेरीतला एक आणि २०२६ चा पहिल्या फेरीतला हक्क घेतला. जॅक्सनव्हिलने ट्रॅव्हिस हंटर घेतला, आक्रमण आणि बचाव दोन्हींत खेळणारा विलक्षण मुलगा. इथे पुष्कळांनी डोक्याला हात लावला. मला तो व्यवहार आवडला. वॉटसनचे ओझे वहीत असताना स्वस्त आणि जास्त माणसे हीच गरज होती. मात्र जमवलेले हक्क पुन्हा कुणा एका नावावर उधळायची सुरसुरी आली, तर ती मालकांच्याच खोलीतून येईल, आणि मालक बदलत नाहीत.

आपल्याला एक विनंती. दर मार्चमध्ये फ्री एजंट खेळाडूंच्या करारांच्या बातम्या येतात, तेव्हा एकूण रकमेचा मथळा देताना हमीची रक्कमही शेजारी द्यावी. बहुतेक करारांत या दोन आकड्यांत मोठी तफावत असते आणि संघ खरा कशात अडकला ते दुसऱ्या आकड्यावरून कळते. ड्राफ्टच्या बातमीत पहिल्या दहा नावांखाली कोणत्या संघाने पुढच्या वर्षाचे हक्क विकले, तेही एका ओळीत यावे.

आपला,
एक नियमित वाचक
क्लीव्हलँड (ओहायो)